मूल हवे म्हणून आलेल्या बायका

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही समुपदेशक म्हणून मी २००६ सालापासून काम करते आहे. आमची खोली बाह्यरुग्ण विभागाच्या टोकाला, प्रयोगशाळेला लागून आहे. दारावर ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ अशी पाटी असली, तरी गावात हे नाव कोणी घेत नाही. बायका तिला ‘कोपऱ्यातली खोली’ म्हणतात. या खोलीत ज्या स्त्रियांना मी त्यांचा अहवाल सांगितला, त्यांतल्या बहुतेक जणी आजारी म्हणून आलेल्या नव्हत्या. पाळी चुकली, दिवस गेले, आशाताईंनी नाव नोंदवायला आणले आणि रक्त-लघवीच्या तपासण्यांच्या यादीत ही एक तपासणी होती, म्हणून त्या आल्या होत्या. त्यांच्याबद्दल आज लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव कोणाचेच घेतलेले नाही.

अहवाल ऐकल्यावर बाई आधी बराच वेळ काही बोलत नाही. मग विचारते, “घरी कळंल का?” आणि त्यानंतरचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: “मग हे मूल ठेवायचं का नाही?” आपण स्वतः किती जगू, हा प्रश्न त्या दिवशी फार थोड्या जणींनी विचारला. सुरुवातीच्या वर्षांत या क्रमाचा अर्थ मला कळला नव्हता. प्रशिक्षणात मला विषाणू, संसर्गाचे मार्ग, निरोध आणि गुप्तता हे सारे नीट शिकवले होते. पण समोर बसलेली स्त्री रुग्ण म्हणून नव्हे तर होणारी आई म्हणून आत आली आहे, आणि ती पुन्हा येणार की नाही हे आपण तिच्या त्या दुसऱ्या प्रश्नाला काय उत्तर देतो यावर ठरणार आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि माझे मलाही उमगले नव्हते.

गरोदरपणात सर्वांची तपासणी होते, नवऱ्यांची तशी होत नाही. त्यामुळे घरात पहिला अहवाल बाईच्या हातात पडतो, आणि ज्याचा अहवाल आधी त्याच्यावर ठपका ठेवायला सासर मोकळे होते. लग्नाला चार महिने झालेली, एकोणीस वर्षांची एक मुलगी माझ्या आठवणीत पक्की बसली आहे. तिचा नवरा ट्रकवर होता आणि लग्नाआधीच एका खाजगी दवाखान्यात त्याला निदान सांगितले गेले होते, हे नंतर उघड झाले. तोपर्यंत सासूने “आमच्या घरात तू आल्यावर आलं हे” असे म्हणून तिला माहेरी धाडले होते. आपल्या देशातल्या कार्यक्रमाच्या नावात ‘आईकडून बाळाला’ असे न म्हणता ‘पालकांकडून बाळाला’ होणारा संसर्ग असे म्हटले गेले, त्याचे मोल मला अशा वेळी कळते. एका शब्दाने सासू बदलत नाही, पण नवऱ्याला खोलीत बोलावून “तुमचीही तपासणी याच कार्यक्रमात आहे” असे सांगायला मला तो शब्द अनेकदा उपयोगी पडला आहे.

उपचाराशिवाय, आणि बाळ अंगावर पीत असेल तर, संसर्ग आईकडून बाळाकडे जाण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. म्हणजे काहीच केले नाही तरी निम्म्याहून अधिक बाळे सुटतात. वेळेवर औषधे सुरू झाली आणि आईच्या रक्तातला विषाणू दबलेला राहिला, तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या बरेच खाली येते. हे दोन आकडे मी हजारदा सांगितले असतील. मात्र इथवर पोहोचण्याच्या वाटेत ज्या आया गेल्या त्यांच्याबद्दल फारसे लिहिले जात नाही.

हा कार्यक्रम आपल्याकडे २००२ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याचा सारा भार नेव्हिरापिन या विषाणूविरोधी औषधाच्या एका गोळीवर होता. कळा सुरू झाल्यावर आईने २०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यायची आणि जन्मानंतर बाळाला त्याच औषधाचे थोडे थेंब द्यायचे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत असल्यामुळे, लांबच्या माहेरी जाणाऱ्या मुलीला आम्ही ती गोळी सोबत देत असू. एकीने ती कुंकवाच्या करंड्यात ठेवली होती, दुसरीने बाळंतविड्याच्या कपड्यांच्या घडीत. कळा रात्री सुरू झाल्या, खोलीत आई-मावशी-शेजारणी जमल्या, तर ती गोळी सर्वांच्या देखत कशी घ्यायची याचा सरावसुद्धा आम्ही करून घेत असू: “उलटी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिली आहे” असे सांग. पुढे ते औषध बाळाला सहा आठवडे रोज दिले तर काय होते याचा अभ्यास इथिओपिया, युगांडा आणि आपल्या पुण्यात झाला. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा सहा आठवड्यांच्या टप्प्यावर संसर्ग जवळजवळ निम्म्याने कमी दिसला होता. पुण्यात त्या अभ्यासात सहभागी झालेल्या आयांचे ऋण आज राज्यातल्या कितीतरी मुलांवर आहे, असे मी मनापासून मानते.

पण ती एक गोळी बाळासाठी होती. एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी रोजची औषधे, देशात १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली, तरी त्या काळात ती आईला सुरू करायची तर तिच्या सीडी४ पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, २०० च्या खाली जाव्या लागत. चारशे पेशी असलेल्या बाळंतिणीला आम्ही सांगत असू, “तुम्हाला अजून औषधांची गरज नाही, सहा महिन्यांनी तपासायला या.” ती येत नसे. बाळाचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आला की तिच्या दृष्टीने या खोलीचे काम संपलेले असे आणि, खरे सांगायचे तर, आमच्या नोंदवहीच्या दृष्टीनेही. तीन-चार वर्षांनी ती क्षयाने खंगून परत यायची, कधी नुसती तिच्या जाण्याची बातमी यायची. आजीच्या मांडीवर वाढलेली, स्वतः पूर्ण निरोगी असलेली अशी किती मुले मी पाहिली आहेत. आमच्या अहवालात ती मुले यश म्हणून मोजली गेली. १ जानेवारी २०१४ पासून प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला, पेशी कितीही असोत, आयुष्यभराची औषधे सुरू करण्याचे धोरण आले आणि २०१७ मध्ये ते सर्वच बाधितांना लागू झाले. २०१४ च्या त्या जानेवारीत आमच्या रुग्णालयात कोणताही समारंभ झाला नाही, पण माझ्या नोकरीतला तो सर्वांत मोठा दिवस होता.

मूल होण्या-न होण्याचा आणि या विषाणूचा आणखी एक संबंध आहे. युगांडातल्या राकाई जिल्ह्यात झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले होते की, बाधित स्त्रियांना दिवस राहण्याचे प्रमाणच कमी असते आणि गर्भ पडण्याचे प्रमाण जास्त. याचा एक परिणाम मोजणीवर होतो. साथीचा अंदाज अनेक वर्षे गरोदर स्त्रियांच्या दवाखान्यातल्या रक्ताच्या नमुन्यांवरून बांधला जात असे. बाधित स्त्रियांना दिवसच कमी राहत असतील, तर त्या रांगेत त्या कमी दिसणार. जिला दिवस राहत नाहीत ती गरोदर मातांच्या नोंदीत येत नाही, म्हणून तिची तपासणी होत नाही, म्हणून तिला औषध मिळत नाही, म्हणून तिला दिवस राहण्याची शक्यता आणखी कमी होते. आपल्या भागात जननेंद्रियांचा क्षय हेही वंध्यत्वाचे एक मोठे कारण आहे आणि क्षय व एचआयव्ही हातात हात घालून येतात. लग्नाला सात वर्षे झालेली, देवऋषी, जडीबुटी आणि तालुक्याच्या ठिकाणचे दोन दवाखाने करून थकलेली, घरात ‘वांझ’ म्हणून बोलणी खाणारी एक बाई शेवटी आमच्याकडे आली ती खोकल्यासाठी. एआरटी सुरू झाली, क्षयाची औषधे पूर्ण झाली आणि त्यानंतर दीड वर्षाने तिला दिवस गेले. “मॅडम, आता मला कोणी काही म्हटलं तरी चालंल,” असे ती म्हणाली, तेव्हा तिच्या बोलण्यात एचआयव्ही कुठेच नव्हता.

या बाबतीतली माझी स्वतःची चूक मी इथे लिहिली नाही, तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ राहणार नाही. २००७ मध्ये एक बाधित स्त्री, पदरात चार वर्षांची निरोगी मुलगी असलेली, मला विचारायला आली की दुसरे मूल होऊ द्यावे का. तिने सरळ प्रश्न विचारला होता आणि तो विचारण्यासाठी ती दोन एसट्या बदलून आली होती. मी म्हणाले, “एक आहे ना चांगली? मग आता कशाला तो विचार? ऑपरेशन करून घ्या.” मला ते शहाणपणाचे वाटले होते. ती मान हलवून गेली आणि नंतर तिने आमच्या रुग्णालयाची पायरी चढली नाही. तीन वर्षांनी आठवड्याच्या बाजारात ती मला भेटली. कडेवर दोन वर्षांचा मुलगा होता. ती दुसऱ्या तालुक्यात, बहिणीच्या गावी बाळंत झाली होती आणि तिथे आपला अहवाल तिने कोणालाच सांगितला नव्हता. बाळाला नेव्हिरापिन मिळाले नव्हते आणि ते दीड वर्ष अंगावर प्यायले होते. मी खूप विनवण्या केल्यावर तिने त्याला तपासायला आणले. अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला.

तिला आरोग्यसेवेची माहिती नव्हती असे नाही. तिने ती सेवा वापरली नाही, कारण मूल हवे असे म्हटले की त्या सेवेतली माणसे कशी बोलतात, हे तिला माझ्यामुळे कळले होते. बाधित स्त्रिया नाव उशिरा का नोंदवतात, बाळंतपणाला ऐनवेळी अनोळखी ठिकाणी का जातात, यावर बैठकांमध्ये बरीच चर्चा होते आणि बहुतेक वेळा ती ‘जागृतीचा अभाव’ या शब्दांवर येऊन थांबते. माझा अनुभव वेगळा आहे. बाधित स्त्रीला दवाखान्यापर्यंत आणणारी सर्वांत बलवान गोष्ट म्हणजे निरोगी मूल होण्याची तिची इच्छा आहे. त्या इच्छेचा मान राखला गेला तर ती गोळ्या चुकवत नाही, तारखेला येते, नवऱ्यालाही ओढून आणते. तिचा अपमान झाला तर ती आपल्या नजरेआड जाते, आणि मूल मात्र तरीही होते.

तिची पावती लिहिणारा, तिला तपासणारा, प्रसूतिगृहात तिच्या जवळ उभा राहणारा, असे अनेक जण हा अपमान करू शकतात. केसपेपरवर लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलेला शेरा मी पाहिला आहे. कळा देणाऱ्या बाईला “आमच्याकडे संरक्षक किट नाही” म्हणून चाळीस किलोमीटर दूर पाठवलेले पाहिले आहे. १०८ ची रुग्णवाहिका सुरू होण्याच्या आधीचा तो काळ होता, आणि ती बाई भाड्याच्या जीपमध्ये, रस्त्यात बाळंत झाली. शस्त्रक्रिया केवळ एचआयव्हीसाठी लागत नाही, साधे बाळंतपण सुरक्षितपणे होते आणि हातमोज्यांसह जी काळजी घ्यायची ती प्रत्येकच बाळंतपणात घ्यायची असते, हे सांगताना माझा घसा अनेकदा कोरडा पडला आहे. २०१७ मध्ये संमत झालेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला एचआयव्ही व एड्स कायदा भेदभावाला मनाई करतो आणि संमतीशिवाय गरोदर बाधित स्त्रीचा गर्भपात किंवा नसबंदी करता येणार नाही, असेही त्यात नमूद आहे. ‘आता ऑपरेशन करूनच घ्या, तरच पुढचे बघू’ असे दरडावणे ही संमती नव्हे. लग्नाच्या हक्काचीही अशीच ओढाताण झाली होती: सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये एका निकालात बाधित व्यक्तीचा विवाहाचा हक्क स्थगित असल्याचे म्हटले होते आणि २००२ मध्ये ती निरीक्षणे मागे घेतली. त्यानंतर राज्यात बाधितांचे वधू-वर मेळावे होऊ लागले, आणि त्यांतून जमलेल्या जोडप्यांपैकी काही जण आता मुलांना शाळेत सोडायला जातात.

दुसऱ्या मुलाचा प्रश्न आज कोणी विचारला तर माझे उत्तर वेगळे असते, आणि ते केवळ माझा स्वभाव बदलला म्हणून नाही. बाधित जोडीदाराला लवकर औषधे सुरू केली, तर दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी होतो, असे २०११ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसले. १,७६३ जोडप्यांच्या त्या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतलीही जोडपी होती. त्यानंतरच्या अनुभवाने हे आणखी पक्के झाले की, रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका दबलेला असेल तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. म्हणून मी आता सांगते: गोळ्या नियमित घ्या, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचे प्रमाण, तपासून घ्या, तो दबलेला राहिला की दोघे मिळून या, रक्त वाढवू, क्षयाची तपासणी करू, आणि पाळीच्या कोणत्या दिवसांत मूल राहते ते मी कॅलेंडरवर दाखवीन. मूल नको असेल किंवा लांबवायचे असेल, तर तांबीपासून निरोधापर्यंतचे सगळे पर्यायही याच बोलण्यात येतात, कारण ‘आत्ता नको’ हीसुद्धा तिचीच इच्छा असते.

डोल्युटेग्राविर या नव्या औषधाच्या वेळी ही सगळी ओढाताण पुन्हा दिसली. २०१८ मध्ये बोट्स्वानातल्या प्राथमिक माहितीवरून असे वाटले की, गर्भधारणेच्या वेळी ते घेणाऱ्या आयांच्या बाळांत मेंदू व मज्जारज्जूचे जन्मजात दोष अधिक आहेत, आणि बऱ्याच देशांत मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते देण्यावर बंधने आली. अधिक बाळंतपणांची माहिती जमत गेली तसतसा तो फरक विरत गेला. सावधगिरी रास्तच होती. तरी एक औषध अधिक चांगले आहे हे माहीत असताना, केवळ ‘ही कधीतरी आई होईल’ म्हणून तिला मागच्या औषधावर ठेवायचे की तिला सगळे समजावून सांगून निर्णय तिच्यावर सोपवायचा, या प्रश्नावर बाधित स्त्रियांच्या संघटना तेव्हा जे बोलल्या ते मला पटले होते. आज आपल्याकडेही गरोदर स्त्रियांना तेच औषध, एका गोळीत इतर दोन औषधांसह, रोज दिले जाते.

सर्वांत अवघड असते ते तिला वर्ष-दोन वर्षे धरून ठेवणे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडच्या गावात नाव नोंदवलेली बाई सहाव्या महिन्यात इकडच्या फडात कोयता घेऊन उभी असते. तिच्या गोळ्या तिकडच्या केंद्रात आणि पोट इकडे. दवाखान्याला जायचे म्हटले तर दिवसाचा खाडा पडतो आणि उचल तर आधीच घेतलेली असते. अशा वेळी दोन केंद्रांमधल्या समुपदेशकांनी एकमेकींना केलेला फोन हाच काय तो पूल असतो. मग बाळंतपण, मग बाळाच्या दुधाचा प्रश्न. आई औषधांवर असेल तर पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध पाजणे सुरक्षित आहे. घोळ होतो तो मध चाटवणे, घुट्टी देणे, मधूनच वरचे दूध पाजणे यांनी. आणि ते आजीला सांगायचे, पण खरे कारण न सांगता. “डॉक्टरांनी सांगितलंय, बाळाचं पोट नाजूक आहे,” हे वाक्य आमच्या भागातल्या किती घरांत बोलले गेले असेल! सहाव्या आठवड्याला लसीच्या दिवशीच बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले जातात, पुढे सहाव्या आणि बाराव्या महिन्यात पुन्हा, आणि आईच्या प्रतिपिंडांचा अंश बाळाच्या रक्तातून गेल्यावर, अठराव्या महिन्यात शेवटची तपासणी. या अठरा महिन्यांत आई एकदाही न चुकता येते. मी तिला एकोणिसाव्या महिन्यातही यायला लावायचा प्रयत्न करते, तिच्या स्वतःच्या व्हायरल लोडसाठी. त्या दिवशी बाळाला घेऊन आली नाही तरी चालेल, असे मुद्दाम सांगते.

सध्या माझ्याकडे एक बावीस वर्षांची मुलगी नाव नोंदवून आहे. ती मला गेली पंधरा-सोळा वर्षे माहीत आहे, कारण ती जन्मतःच बाधित होती आणि आजीचा हात धरून औषधे न्यायला यायची. तेव्हा तिचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नसत. तिच्या आईच्या वेळी ती एक गोळीसुद्धा मिळाली नव्हती. तिच्या नवऱ्याला लग्नाआधी सगळे सांगितले आहे आणि त्याचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आहे. तिचा व्हायरल लोड गेली कित्येक वर्षे दबलेला आहे. मागच्या भेटीत तिने विचारले की, बाळाला टाचेत टोचतात ते दुखते का, आणि त्या वेळी बाळाला मांडीवर तिलाच घेता येईल ना. मी हो म्हटले. मग तिने विचारले, “माझ्या आईला पण तुम्ही असंच बसवून सांगितलं होतं का?” तिची आई या खोलीत कधी आलीच नव्हती, हे मी तिला सांगितले. तिला नववा लागला आहे. माहेर म्हणजे आता आजीचे घर, तिथून रुग्णालय पाच किलोमीटरवर आहे, आणि नेव्हिरापिनची बाटली मी कालच प्रसूतिगृहाच्या कपाटात तिच्या नावाने ठेवून आले.